खांद्याला बसेल ती बंदूक

सुधाताई,

तेराव्याची भांडी आवरून झाल्यावर भाऊजींनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि तुझी बंदूक टेबलावर ठेवली. "मंदार, ही आता तू ने," म्हणाले. "ऑक्टोबरमध्ये शिकारीला डोंगरात हीच घेऊन जा. तिला बरं वाटेल." इतक्या वर्षांत ज्या माणसानं या वस्तूला बोटसुद्धा लावलं नव्हतं, त्यानं ती तान्हं मूल आणावं तशी दोन्ही हातांवर आणली होती. ठेवताना नळी भिंतीकडे वळवली. तुझं एवढं शिकवणं तरी त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

मी हो म्हणालो नाही. समोर तू असतीस तर तोंडावर नाही म्हणालो असतो आणि मग आपण पोटभर भांडलो असतो. भाऊजींच्या डोळ्यांकडे बघून ते जमेना. "विचार करून सांगतो," असं काहीतरी पुटपुटलो आणि घरी आलो. विचार कसला करायचा होता? उत्तर मला माहीत होतं, कारण ते तूच शिकवलेलं होतं. पण ते मोठ्यानं म्हणायला तू हवी होतीस. तू नाहीस, याचा मला राग आलाय. दुःख तर आहेच, पण आधी राग आलाय.

आपली ओळख रश्शावरून झाली. टेक्सासमधल्या फ्रिस्कोत मी नवा होतो, पुण्याचा, सॉफ्टवेअर टेस्टर. महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतून तुझ्या घरी जेवायला आलो. तू नागपूरची, फिजिओथेरपिस्ट, पाच फुटांच्या आतबाहेर उंची आणि हातात हे एवढं पातेलं. काळा रस्सा, तर्री वर तरंगतेय. सगळे म्हणाले, मटण काय झालंय! सगळ्यांचं दुसऱ्यांदा वाढून झाल्यावर तू शांतपणे म्हणालीस, "मटण नाही ते. एल्क आहे. कोलोरॅडोतून मीच मारून आणला." अर्ध्या पंगतीचे हात थांबले. एल्क म्हणजे काय ते कुणीतरी विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, हरणाच्याच जातीतला, आपल्या सांबराहूनही थोराड. मी वाटी पुढे केली. तू मला आपादमस्तक न्याहाळलंस आणि तिसऱ्यांदा वाढलंस. त्या वाटीनंतर मी तुला ताई म्हणायला लागलो.

एका म्हाताऱ्या टेक्सन पेशंटचा खांदा तू बरा केला होतास आणि त्यानं हौसेनं तुला नेमबाजी शिकवली होती, हे नंतर कळलं. मलाही शिकायचं होतं. मग मी जे केलं ते कुठलाही टेस्टर करेल. एक्सेल उघडलं. एकेका ओळीत एकेक कॅलिबर, म्हणजे बंदूक किती जाड गोळीची आणि केवढ्या काडतुसाची. रकान्यांत वेग, ऊर्जा, तीनशे यार्डांवर गोळी किती खाली उतरते, काडतुसं दुकानात सहज मिळतात का. प्रत्येक रकान्याला वेटेज. थ्री हंड्रेड मॅग्नम प्रचंड बहुमतानं निवडून आली. तुझी छोटी सेव्हन एमएम-झिरो-एट शेवटून दुसरी. तिच्या जोरावर तू तोवर तीन एल्क घरी आणले होतेस, हे सांगायची तसदीही तू घेतली नाहीस.

तू चष्मा कपाळावर ढकललास, लॅपटॉपमध्ये डोकावलीस आणि विचारलंस, "सगळं मस्त आहे. यात तुझ्या खांद्याचा कॉलम कुठं आहे?"

"रीकॉइलचा धक्का? तो नाही धरला. होतो सहन यार, ताई. ऑक्टोबरमध्ये एक-दोनच तर गोळ्या झाडायच्या."

"अन् त्याच्या आधी प्रॅक्टिसला शंभर झाडशील, त्या कोणाच्या खांद्यावर? माझ्या?"

मी मॅग्नम घेतलीच. पुणेकर आहे, एक्सेलमध्ये आलेलं खोटं कसं ठरवणार?

डेंटनच्या पुढच्या त्या नेमबाजीच्या उघड्या रेंजवर पहिल्याच दिवशी मी कागदी निशाण्याच्या चारी बाजूंना गोळ्यांचं कुंपण घातलं. मधला काळा गोल तेवढा सुखरूप राहिला. मी वाऱ्याला दोष दिला, बंदुकीवरच्या दुर्बिणीला दिला, काडतुसांच्या डब्यालाही दिला. तू म्हणालीस, "पाठ कर." मी पाठ केली. तू काडतूस भरलंस, बोल्ट बंद केलास, बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवलीस. "मार."

टक्.

एवढाच आवाज झाला. आणि तरीही माझी नळी चांगली वीतभर खाली गेली, डोळे मिटले, खांदा गोगलगायीसारखा आत गेला. तू डमी भरली होतीस. काडतुसासारखीच दिसणारी, आत दारू नसलेली. शेजारच्या बाकावरचा काऊबॉय खो खो हसला. तू हसली नाहीस. माझ्या खांद्यावर अंगठा दाबून एकेक स्नायू चाचपलास आणि म्हणालीस, "तू नाही घाबरला, मान्य. खांदा घाबरून राहिला ना पण. काहून त्याला त्रास देतो?"

मी दोन दिवस रुसलो. मग मॅग्नम विकून थर्टी-ऑट-सिक्स घेतली. तुझ्या बंदुकीपेक्षा दणकट, माझ्या मॅग्नमपेक्षा पुष्कळ समजूतदार. तू म्हणालीस, हे तुझ्या हाडापेराला शोभतं. कॅलिबरचा वाद तिथं संपला आणि तो तू जिंकलीस. हे मी तुला आजवर सरळ शब्दांत सांगितलं नव्हतं, कारण तुझं तोंड बघवलं नसतं.

त्या दिवसापासून तुझा कायदा सुरू झाला. दर सप्टेंबरला रेंजवर जायचं, एकानं पाठ करायची, दुसऱ्यानं भरायचं. कधी खरं काडतूस, कधी डमी. डमीला नळी हलली की त्या वर्षी बंदूक घरी. जनावर जखमी होऊन जंगलात आठवडाभर मरत राहायला नको, एवढं एकच कारण तू दिलं होतंस. नाही हलली, तर शाबासकी नाही, टाळी नाही. फक्त "भर बॅगा." बस्स. दर वर्षी ते दोन शब्द ऐकण्यासाठी मी ऑगस्टपासून घरात भिंतीवर नेम धरून बसायचो.

आणि कायदा तुलाही लागू होता. दोन हजार पाचला तुझी मान धरली होती. मी डमी भरली, तू चाप ओढलास आणि नळी हलली. करंगळीएवढीच. मी बघून न बघितल्यासारखं केलं. तू बोल्ट उघडलास, बंदूक पिशवीत घातलीस. "मी येणार," म्हणालीस, "पण बंदूक नाही आणणार." फ्रिस्कोपासून अख्खा दिवस ड्राइव्ह करून, कोलोरॅडोतल्या गनिसनच्या वरच्या त्या थंडीत तू नुसती गळ्यातली दुर्बीण घेऊन माझ्या मागे चढलीस. डब्यात भाकरी आणि लसणाची चटणी. मला एल्कची मादी मिळाली त्या सकाळी माझ्यापेक्षा तूच जास्त नाचलीस. दुसऱ्याच्या यशावर इतकं निखळ खूश होणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि पाहायचीही घाई नाही.

पण तुलाही मी एकदा पकडलंय, ते कसं विसरू? दोन हजार चार. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दसरा आला. मोटेलच्या खोलीत तू टॉवेल अंथरून दोन्ही बंदुकांची शस्त्रपूजा मांडलीस. हळद, कुंकू, अक्षता, डॅलसहून आणलेली झेंडूची फुलं सुकलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या गवतात तो नर उभा राहिला, एवढी मोठी शिंगं, तुझ्याकडे पूर्ण आडवा. माझं परमिट मादीचं, म्हणजे तो सर्वस्वी तुझा. तू बंदूक खांद्याला लावलीस आणि पुटपुटलीस, "मंदार, सगळं लाल दिसून राहिलं रे."

दुर्बिणीच्या भिंगाला कुंकू! देवीच्या कपाळाला लावावं तसं बरोब्बर मधोमध. "पुसा, पुसा," मी कुजबुजलो, घाबरून तुला अहोजाहो करत. तू हातमोज्यानं पुसलंस आणि हळदही त्यात कालवली गेली. नरानं आपल्या दोघांकडे एकदा नीट पाहिलं आणि चालत, अजिबात घाई न करता, झाडीत गेला. हसून हसून आपण तिथंच गवतात बसलो. "दसऱ्याला देवीनंच सोडवलं त्याला," तू म्हणालीस. तेराव्याला टेबलावर तुझी बंदूक पाहिली तेव्हा भिंगाच्या कडेच्या खाचेत ते कुंकू अजून दिसलं. ताई, तेव्हा मात्र मला तिथं उभं राहवेना.

गेल्या वर्षीचा नर आठवतो? तुझा शेवटचा. तो समोर तोंड करून उभा होता, दोनशे यार्डांच्या आत. मी म्हणालो, "मार ना! माझा असता तर मी समोरून छातीत गोळी घातली असती." तू नजर न हलवता म्हणालीस, "गोळी मोठी आहे म्हणून कुठूनही मारायची होय?"  तो चरत राहिला, आपली बोटं बधिर झाली. मग तो वळला. कोपराच्या वर, खांद्याच्या जरा मागे, तू मला क्लिनिकमधल्या सांगाड्यावर बोट ठेवून दाखवलं होतंस तिथंच. एक आवाज. तो थोडा चालला आणि खाली बसला. तू त्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिलीस. नाक पुसलंस. "चल, आता खरं काम," म्हणालीस, आणि सुरी काढलीस.

खरं काम म्हणजे मांस सोडवणं आणि गोळीवरून भांडणं. कारण कॅलिबर मिटलं तरी गोळी मिटली नव्हती. तू निव्वळ तांब्याच्या गोळ्या वापरायचीस. शिसं नको, शिशाचे कण मांसात उडतात आणि तो खिमा मी माझ्या लेकीला, केतकीला घालते, मंडळातल्या पोरांना घालते, हे तुझं म्हणणं. माझी गोळी आत शिसं, बाहेर तांबं, दोन्ही एकमेकांना पक्कं जोडलेलं. ती फुटत नाही, वेग मंदावला तरी आत शिरल्यावर फुलासारखी नीट उमलते, आणि जखमेभोवतीचं मांस सढळ हातानं कापून टाकलं की झालं, हे माझं म्हणणं. माझी गोळी दर वेळी पलीकडच्या कातडीखाली सापडायची. मी ती धुऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचो आणि तुला वजन सांगायचो: जवळजवळ होतं तेवढंच, म्हणजे फुटली नाही. तुझी कधी सापडलीच नाही. आरपार जायची आणि डोंगरात कुठंतरी पडायची.

"बघ, आरपार. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"नसलेल्या गोळीचं वजन कसं करायचं, ताई? डेटाच नाही."

"तुझ्या डेटाला रस्सा घालू का थोडा?"

जुलैमध्ये तुझा शेवटचा फोन आला तो यावरूनच. या सप्टेंबरला भिजवलेल्या वर्तमानपत्रांचा जाड गठ्ठा करायचा, दोघांनी आपापली गोळी त्यात झाडायची, बाहेर काढायची आणि तोलायची. एकदाच काय तो निकाल. त्यासाठी तू भाऊजींना वर्तमानपत्रं रिसायकलला टाकू देत नव्हतीस. मग ऑगस्टची ती दुपार आली. क्लिनिकच्या पार्किंगमधून तू घरी यायची होतीस आणि आली नाहीस. तेराव्याला गॅरेजमध्ये चपला काढताना मी तो गठ्ठा पाहिला. सुतळीनं बांधलेला, माझ्या कमरेएवढा. तो प्रयोग मी एकट्यानं करणार नाही. आणि ऐक, तू गेलीस म्हणून मी माघारही घेणार नाही. माझी गोळी चांगलीच आहे. तुला पटत नसेल तर येऊन भांड.

आता तुझ्या बंदुकीचं.

चार दिवसांनी मी भाऊजींकडे परत गेलो. केतकी ऑस्टिनहून आलेली होती, अजून गेली नव्हती. मी बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि खांद्याला लावली. तुझ्या त्या म्हाताऱ्या पेशंटनं खांद्याला टेकणारा दस्ता तुझ्या मापानं कापून दिला होता. माझं नाक अंगठ्यावर आपटलं, दुर्बीण थेट चष्म्याला टेकली. अशी झाडली असती तर धक्क्यानं माझी भुवई फाटली असती, आणि त्याच्या धास्तीनं नळी आधीच हलली असती. सेव्हन एमएम-झिरो-एट उत्तम काडतूस आहे हे मी आता शपथेवर सांगेन. पण ही बंदूक तुझ्या खांद्याची आहे, माझ्या नाही.

"भाऊजी, ही मी नाही नेणार," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तिची बंदूक आता कपाटातच राहणार?"

"मला बसत नाही ती. आणि न बसणारी बंदूक घेऊन डोंगरात गेलो तर पहिली शिवी मला तीच घालेल. मी माझीच नेतो, कारण ती तिनंच मला घ्यायला लावली."

भाऊजी हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग हसता हसताच त्यांनी तोंडावर हात धरला आणि लहान मुलासारखे रडले. मी पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. जरा वेळानं डोळे पुसत म्हणाले, "बरं. पण दसऱ्याला मी पूजा करणार हिची."

"करा ना. फक्त कुंकू दस्त्याला लावा. भिंगाला नको."

केतकी इतका वेळ दाराला टेकून ऐकत होती. तुझी लेक, तुझ्याच उंचीची, तुझ्यासारखीच नको तिथं बोट ठेवणारी. म्हणाली, "मामा, व्हॉट अबाउट द डमी टेस्ट? हू लोड्स फॉर यू नाऊ?"

 खरं म्हणजे तेराव्यापासून मला तोच प्रश्न खात होता. बंदूक कुठली, गोळी कुठली, हे मी ठरवू शकत होतो. पण डमी स्वतःची स्वतःला भरता येत नाही. भरणारं दुसरं माणूस लागतं, आणि ते लबाडी न करणारं लागतं. तुझ्याशिवाय मला कुणी 'घरी बस' म्हणू शकेल असं वाटत नव्हतं, आणि त्याशिवाय मी जाणार नव्हतो.

"यू डोन्ट हॅव टू, बेटा," मी म्हणालो.

"आय नो. सॅटरडे?"

शनिवारी ती रेंजवर आली. सोबत तुझी बंदूकही आणली होती. तिनं ती सहज उचलून खांद्याला लावली आणि डोळा आपोआप दुर्बिणीच्या रेषेत आला.  "नेक्स्ट इयर," ती म्हणाली. "धिस इयर आय जस्ट वॉन्ट टू नो इट." मग माझ्याकडे वळून, तुझ्याच आवाजात, "पाठ करा."

मी पाठ केली. बोल्टचा आवाज ऐकला. पहिली खरी निघाली, काळ्यात लागली. दुसरीही खरी. ताई, मी थर्टी-ऑट-सिक्सला घाबरत नाही, कधीचाच नाही. त्या दिवशी भीती वेगळी होती. तुझी जागा रिकामी आहे हे मनात यायचं, आणि तेवढ्यानं नळी हलेल असं वाटत होतं. तिसऱ्याला मी श्वास घेतला, अर्धा सोडला, चाप हळूहळू मागे आणला.

टक्.

दुर्बिणीतली फुली काळ्या गोलावर होती. मी मागे पाहिलं नाही.  केतकी म्हणाली, "परत. पाठ करा."

बोल्ट पुन्हा वाजला. आता खरी असणार, दोन डमी लागोपाठ कोण भरतं? एवढा विचार झाला आणि मग मला हसू आलं, कारण कोण भरतं ते मला चांगलं माहीत होतं. गाल दस्त्याला टेकवला. पूर्ण धक्क्याची तयारी ठेवून, तरीही खांदा सैल सोडून, चाप ओढला.

टक्.

फुली होती तिथंच होती. टेक्सासचं ते ऊन, वाळूच्या पिशव्यांचा वास, आणि मागे तुझी लेक. मी बोल्ट उघडला, डमी बाहेर पडून बाकावरून गडगडली. मी न वळताच विचारलं, "हलली?"

 आयुष्यभर तुझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देणारी ती मुलगी नाक ओढत, एकेक अक्षर जपून उच्चारत म्हणाली, "भर बॅगा, मामा."

बॅगा भरल्यात. येतो, ताई.